फटीवरचा चुना

घुमट एका रात्रीत कोसळला असं लोक म्हणतात. गवंडी तसं म्हणत नाहीत. पडायच्या आधी कित्येक वर्षं घुमट फाकत असतो. पिठाचा गोळा तळव्यानं दाबला की कडेनं पसरतो, तसं त्याचं वजन खालच्या भिंतींना बाहेर रेटत राहतं. भिंती सोसतात. मग कुठंतरी केसाएवढी फट पडते, तिच्यात धूळ बसते, कोळी जाळं विणतो, आणि खाली उभा असलेला माणूस मान वर करून म्हणतो, काय देखणी इमारत!

१५७३ साली इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या वरच्या सज्जात एक म्हातारा अशाच एका फटीवर चुना लावत होता. तुर्की तोंडात या मूळच्या ख्रिस्ती वास्तूचं नाव आयासोफिया. थापी कमरेला खोचलेली होती, तरी तो लावत होता बोटानंच. दोन बोटं रुंदीची पट्टी, फटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. शेजारी वीस-बावीस वर्षांचा पोरगा दिवा धरून उभा होता. पट्टी लावून झाल्यावर म्हाताऱ्यानं ओल्या चुन्यात खिळ्यानं एक खूण केली आणि हात अंगरख्याला पुसले.

"आता काय, उस्ताद?"

"आता थांबायचं. पट्टी तडकली तर भिंत अजून चालते आहे. नाही तडकली तर जी काय चालायची ती चालून झाली, आता बसली आहे."

हा म्हातारा म्हणजे सिनान, उस्मानी साम्राज्याचा मुख्य वास्तुकार. वय ऐंशीच्या घरात. पदावर येऊन साधारण पस्तीस वर्षं झालेली आणि तिसऱ्या सुलतानाची चाकरी अजून पुढं यायची होती. इथंच सांगून ठेवतो: इमारती, सालं, सुलतान आणि घुमटाचं दुखणं हे सगळं इतिहासातलं आहे. पोरगा, त्याची बडबड आणि चुन्याची पट्टी माझ्या पदरची. बोधकथेला एवढी मुभा असते.

पोरगा त्या दिवशी घुश्शात होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही असतो. कारण त्याच वेळी तिकडं एदिर्नेत, इस्तंबूलपासून सुमारे २४० किलोमीटरवर, सिनानची सलीमिये मशीद उभी राहत होती. १५६८च्या सुमारास तिचं काम निघालं, आणि सिनानला त्यात आयासोफियाच्या घुमटाला उत्तर द्यायचं होतं. असं असताना ऐन वेळी सुलतान दुसऱ्या सलीमनं सिनानला बोलावून सांगितलं होतं: आयासोफिया कलली आहे, तिला सावर.

ज्या पैलवानाशी कुस्ती ठरली आहे, त्याचेच पाय चेपून द्यायचं काम.

सिनान मूळचा अनातोलियातल्या कायसेरीजवळच्या एका खेड्यातला, ख्रिस्ती घरात जन्मलेला. त्या काळी सुलतानाची माणसं गावोगावच्या ख्रिस्ती घरांतून पोरं उचलत, त्यांना मुसलमान करत आणि फौजेत किंवा दरबारी कामाला लावत. सिनान असाच उचलला गेला. सुतारकाम शिकला. पुढं जानिसारी पलटणीत बेलग्रेड, ऱ्होड्स, मोहाच, बगदाद अशा मोहिमा त्यानं पायाखाली घातल्या. वान सरोवरावर गलबतं बांधून दिली, आणि १५३८च्या मोल्दाव्हियाच्या मोहिमेत प्रुत नदीच्या दलदलीत तेरा दिवसांत फौजेसाठी पूल उभा केला. आयुष्याच्या अखेरीस सांगितलेल्या आठवणींत तो स्वतःला परकाराची उपमा देतो: आधी एक पाय केंद्रात रोवून कारागिरी शिकलो, मग दुसऱ्या पायासारखा देशोदेशी फिरलो. एवढ्या शिदोरीनिशी तो मुख्य वास्तुकार झाला तेव्हा चाळिशी उलटून गेलेली होती. ज्या वयात आपल्याकडे माणूस घरावर मजला चढवून दमतो, त्या वयात यानं सुरुवात केली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मशिदी, मदरसे, हमामखाने, पूल, जलसेतू मिळून तीनशेच्या वर कामं केली.

पण एक बोच होती. त्याच्याच आठवणींत ती नोंदलेली आहे. ख्रिस्ती वास्तुकार म्हणत की आयासोफियासारखा घुमट उभारणं मुसलमानांना जमलेलं नाही, जमणारही नाही; ते बोलणं त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

बोलणाऱ्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आयासोफिया ५३२ ते ५३७ अशा पाच वर्षांत बांधून झाली, आणि त्यानंतर हजार वर्षं तिच्याएवढा घुमट त्या शहरात कुणाला उभा करता आला नव्हता. सुलतान मेहमेदनं १४५३ साली शहर जिंकल्यावर आपली मशीद बांधली. ती आयासोफियापेक्षा बुटकी राहिली म्हणून त्यानं आपल्या वास्तुकाराचे हात तोडले, अशी आख्यायिका आहे. त्या वास्तुकाराचं नावही सिनानच होतं.

आपल्या सिनानला ही गोष्ट विसरायची सोयच नव्हती. सुलेमानिये मशिदीचं काम चालू असताना चहाडखोरांनी सुलतान सुलेमानच्या कानात सांगितलं की घुमट उभा राहणार नाही, म्हाताऱ्याला वेड लागलंय. सुलतान तडक कामावर आला. माझ्या पणजोबांच्या, म्हणजे मेहमेदच्या, वास्तुकाराचा दाखला तुला पुरेसा नाही का, असं त्यानं विचारलं आणि काम कधी संपणार ते आत्ताच्या आत्ता सांग म्हणाला. सिनाननं दोन महिन्यांचा वायदा केला. ऐकणाऱ्यांची खात्रीच पटली की वेड लागलंय. दोन महिन्यांनी काम झालं, तेव्हा सुलतानानं किल्ली सिनानच्याच हातात दिली आणि दार त्याच्याकडून उघडवलं. सुलेमानियेचा घुमट जमिनीपासून ५३ मीटर उंच आहे. व्यास मात्र साडेसव्वीस मीटरच्या आसपास. आयासोफियाचा ३१.

म्हणजे बोच राहिलीच.

"उस्ताद, एक बोलू?"

"तू विचारून कधी बोललास?"

"याला पडू द्या ना."

म्हाताऱ्यानं दिव्याची वात वर केली.

"आपला घुमट दोन वर्षांत पुरा होईल," पोरगा म्हणाला. "हा त्याआधी खाली आला तर तुलनाच संपली. कोण कुणाला काय बोलणार? आपण पाडा म्हणत नाही. फक्त हात लावायचा नाही. हा तसाही काफिरांनी बांधलेला, तीनदा पडलेला…"

तीनदा हे खरं होतं. ५५८ साली भूकंपानंतर पहिला घुमट पडला; तो फारच पसरट होता, म्हणून दुसरा अधिक उंच बांधला. ९८९ साली पश्चिमेचा भाग आला, १३४६ साली पूर्वेचा.

"तीनदा पडला. उभा किती वेळा राहिला?" सिनाननं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कमरेचा ओळंबा सोडून त्याच्या हातात दिला. "हा घे. त्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला, वरून सोड."

पोरगा शिडीवर चढला. ओळंबा झुलला, झुलत झुलत थांबला. दोरी वर खांबाला टेकलेली होती आणि खाली शिसं दगडापासून वीतभर लांब लोंबत होतं.

"काय दिसतं?"

"कललाय."

"कुठल्या अंगाला?"

"बाहेर."

"पूर्वेचे-पश्चिमेचे खांब तसे का कलले नाहीत?"

पोराला सांगता येईना. तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला कठड्यापाशी नेलं. पूर्वेला आणि पश्चिमेला मोठ्या घुमटाला लागून दोन अर्धघुमट आहेत. धाकटे भाऊ थोरल्याला दोन्ही बाजूंनी खांदा देऊन उभे असावेत तसे. उत्तरेला आणि दक्षिणेला तसं कुणी नाही. तिथं नुसती कमान आणि कमानीच्या पोटात खिडक्यांची भिंत. घुमटाला रेटायला मोकळी वाट सापडली ती तिकडं.

"हे कळायला मला बरीच वर्षं लागली," सिनान म्हणाला. "शाहजाद्याच्या मशिदीला मी चार बाजूंना चार अर्धघुमट दिले. का दिले? या खांबापाशी उभं राहिल्यावर कळलं म्हणून. सुलेमानियेत पुन्हा दोनच ठेवले, पण मोकळ्या बाजूंना भिंतीतच टेकू लपवले. तेही इथूनच. एदिर्नेत आठ खांब घातलेत. तू म्हणालास, चारावर भागेल. मी नको म्हणालो. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा मी हाच खांब बघत होतो."

पोरगा गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे. तरुण माणूस वाद हरला की दुसरा पुरावा शोधायला जातो.

पुरावा म्हणजे दोरी. एदिर्नेच्या घुमटाच्या व्यासाएवढी, गाठी मारलेली एक दोरी त्याच्यापाशी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे एका सोबत्याला घेऊन तो घुमटाच्या बुडाशी चढला. तिथं ४० खिडक्यांची माळ आहे आणि खिडक्यांखाली माणूस जपून चालेल एवढीच कंगोऱ्याची वाट. खाली बघायचं नाही, भिंतीला पाठ लावून सरकायचं. दोरीचं एक टोक पूर्वेच्या खिडकीशी सोबत्यानं धरलं, दुसरं घेऊन हा अर्धा फेरा मारून पश्चिमेला पोचला. एवढी लांब दोरी हवेत ताणायची म्हणजे तिच्या पोटात झोळ येतोच. दोघांनी तळवे सोलेपर्यंत ती ओढली. झोळ जवळजवळ गेला, आणि हातभर दोरी उरली.

उरली! म्हणजे आपला घुमट मोठा.

तो तसाच धावत खाली यायचा. पण सोबती हिशेबी होता. म्हणाला, दुसऱ्या बाजूनंही घेऊ. उत्तर-दक्षिण दोरी धरली. ओढली. पुन्हा ओढली. शेवटची गाठ जेमतेम दगडाला लागली.

सिनान खाली अंगणात गाढवांवरून आलेल्या सुरखीच्या गोण्या उघडून बघत होता. विटांचा चुरा मुठीत घेऊन चोळायचा, माती लागली की गोणी परत. पोरगा धापा टाकत आला.

"पूर्व-पश्चिम आपण हातभर मोठे, उस्ताद!"

"आणि उत्तर-दक्षिण?"

"…बरोबरीत. झोळ धरला तर हा बोटभर जास्तच असेल."

"एकाच घुमटाचे दोन व्यास? वर्तुळ असं असतं का?"

"नाही."

"आखणाऱ्यांनी वर्तुळ आखलं होतं. मग हा तिकडं वाढला कसा?"

पोरानं वर बघितलं. मग म्हणाला, "फाकला."

"म्हणजे याचं जे माप तू घेऊन आलास, त्यात थोडं याचं मोठेपण आहे आणि थोडा याचा आजार. त्यातून आजार वजा करता येतो का तुला? मग या दोरीनं तू काय मोजलंस?" त्यानं मूठभर सुरखी परत गोणीत टाकली. "ही बदला. माती आहे. आणि ती दोरी चांगली पिळाची दिसते; पहाडाला दोऱ्या कमी पडतायत, तिकडं दे."

पहाड म्हणजे बांधकामाची परांची, आणि पहाड बांधायला दोरी कधीच पुरत नाही. सलीमियेचं माप त्या दुपारी आयासोफियाच्या पहाडाच्या वाश्यांना गुंडाळलं गेलं.

पुढचं काम मात्र दगडाचं कमी आणि माणसांचं जास्त निघालं. आयासोफियाच्या भिंतींना लागून लोकांनी घरं बांधली होती. कुणी वासे भिंतीत खुपसलेले, कुणी संडास काढलेले, पाणी पायात मुरत होतं. सुलतान स्वतः सिनानला बरोबर घेऊन फिरला आणि ही घरं हटवायचा हुकूम झाला. घर पाडायला आलेल्या माणसाशी घरमालक काय बोलतो, ते कुठल्याही शहरात, कुठल्याही शतकात सारखंच असतं, म्हणून ते इथं लिहीत नाही. घरं गेली, मोकळी वाट झाली, आणि त्या जागेत भिंतींना जाडजूड पुस्त्या उभ्या राहिल्या. आज बाहेरून आयासोफिया बघितली की ती बेढब वाटते; जिकडं तिकडं धिरे, दगडाचे ढीग टेकवून ठेवल्यासारखे. त्यांतले काही बिझंटाईन काळापासूनचे, काही नंतरच्या दुरुस्त्यांचे. सिनानचा वाटा त्यांत मोठा आहे. ज्यानं सुलेमानियेत टेकू भिंतींच्या पोटात लपवले, त्यानं इथं मात्र ते उघडे ठेवले. जखमेवरची पट्टी अंगरख्याखाली लपवून चालत नाही, एवढा व्यवहार त्याला कळत होता. मला तर त्याच्या सगळ्या कामांत या ओबडधोबड पुस्त्याच जास्त आवडतात. त्यांच्यावर एकही वेलबुट्टी नाही.

१५७४च्या डिसेंबरात सुलतान सलीम वारला. एदिर्नेची मशीद त्याच्या नावाची, पण १५७५च्या मार्चमध्ये तिथं पहिली नमाज झाली तेव्हा तो नव्हता. त्याला पुरलं आयासोफियाच्या आवारात, आणि त्याची कबरही सिनाननंच बांधली. म्हणजे घुमट एदिर्नेत, आणि धनी आयासोफियाच्या सावलीत.

सलीमियेत शिरलेला माणूस आधी काहीच बोलत नाही. आठ खांब आहेत, पण ते भिंतींकडं असे सारलेले की मध्ये अडवणारं काही उरत नाही; ३१ मीटरचा घुमट कशावर उभा आहे हा प्रश्न जरा उशिरा पडतो. आयासोफियात उजेड वरून झिरपतो, इथं तो चहूबाजूंनी आत येऊन बसतो. बाहेर चार कोपऱ्यांना सत्तर मीटरच्या घरातले चार मिनार. त्यांतल्या दोघांत तीन-तीन जिने आहेत, एकमेकांभोवती पीळ घालून वर गेलेले. तीन मुअज्जिन एकाच वेळी चढले तरी वाटेत एकमेकांचं तोंड दिसत नाही. सिनाननं हिलाच आपली सगळ्यांत मोठी कामगिरी मानलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती त्याच्या भक्तांना फारशी आवडत नाही. सिनानच्या मोहरेवर तो स्वतःला दीन, गरीब चाकर म्हणवतो. पण म्हातारपणी कवी साई चलबीला आठवणी सांगताना त्यानं ठणकावून सांगितलं की सलीमियेचा घुमट आयासोफियाहून सहा हात रुंद आणि चार हात खोल आहे. सहा हात! आज कुठल्याही टेपनं मोजा, दोन्ही घुमट एकतीस मीटरच्या आसपास भरतात. जमिनीपासूनची उंची म्हणाल तर घुमटाचं शिखर आयासोफियाचंच जास्त उंच आहे. नव्वदीच्या घरातल्या माणसाची चूक, की बढाई? मला बढाई वाटते. चाळीस वर्षं रुतलेला काटा निघाल्यावर माणूस तो सगळ्यांना दाखवतो, आणि दाखवताना जरा मोठा करूनच दाखवतो.

मी कल्पना करतो की त्या दिवशी तो पोरगाही तिथं होता. सुलेमानियेच्या कडेला सिनानचं घर होतं. पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. दाढीत पांढरे केस आहेत, हाताखाली स्वतःची माणसं आहेत. साई चलबीची लेखणी कागदावर करकरत होती. सहा हात रुंद, असं म्हातारा म्हणाला आणि लेखणीनं ते उतरवून घेतलं. पोरानं मान वर केली. दोरीची शेवटची गाठ दगडाला जेमतेम लागली होती ते त्याच्या तळव्यांना अजून आठवत होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि मग मिटलं.

लिहिणारा पाणी प्यायला उठला तेव्हा म्हातारा पोराकडं वळला. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले. नीट दिसत नव्हतं.

"आयासोफियात जाऊन आलास?"

"आलो, उस्ताद. सकाळीच."

"सज्जातली पट्टी?"

"आहे. आपली खिळ्याची खूणसुद्धा आहे."

"तडकली?"

"नाही."

"दिवा जवळ धरून बघितलीस?"

"धरला होता."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ विचार केला.

"हिवाळ्याचा पाऊस होऊन जाऊ दे," तो म्हणाला, "मग पुन्हा एकदा बघून ये."